आभाळाच्या तळाशी सरडा

मावशींची जागा खिडकीशी होती. एक बुटकी खुर्ची, पुढ्यात टॉवेलच्या गुंडाळीवर टेकवलेलं लाकडी वाडगं, उजव्या हाताला खळीचा डबा, डाव्या हाताला वापरून गुळगुळीत झालेली हाडाची पट्टी. एकतीस वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांनी एकच काम केलं. आभाळाला खालून टोपी लावली.

हसू नका, कामच तसं होतं. पृथ्वीचे गोल सगळेच करतात, हा कारखाना आकाशाचे गोल करायचा. आधी लगद्याचा पोकळ गोळा, त्यावर पांढरा लेप, तो घासून घासून आरशासारखा झाला की त्यावर छापील कागदाच्या बारा पाकळ्या. निळं आभाळ, पांढरे ठिपके, आणि ठिपक्यांभोवती बारीक रेघांत चित्रं: अस्वल, सिंह, विंचू, नाव, काय वाटेल ते. पाकळ्यांची टोकं वर आणि खाली जिथे जमतात तिथे कितीही जपलं तरी थोडी चुणी राहतेच. ती झाकायला वर एक आणि खाली एक, तळहाताएवढी गोल कागदी टोपी. वरची टोपी कोणीही लावायचं. तिथे ध्रुवतारा असतो, लोक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात, चुकलं तर त्याच दिवशी बोंब होते. खालची टोपी मात्र गोल उलटा धरून, अंदाजाने, श्वास रोखून लावावी लागते. ती मावशींची. ‘मावशींनी आज किती जणांना टोपी घातली?’ हा त्या कारखान्यातला सगळ्यात जुना विनोद, आणि मावशी दर वेळी त्याला नव्याने हसायच्या. स्वभावाने तशा सोप्या होत्या.

खालच्या टोपीवर बघण्यासारखं फारसं काही नसतं. आभाळाच्या त्या टोकाला ठळक ताराच नाही. पाच-सहा मिणमिणते ठिपके जोडून कोणीतरी केव्हातरी एक सरडा काढला, तो तिथे बसलेला आहे. हे ठिपके इतके मंद की काळोख्या रात्रीसुद्धा शोधावे लागतात म्हणे. म्हणे एवढ्याचसाठी, की मावशींच्या गावातून आभाळाचा तो तुकडा कधी वर येतच नाही. त्यासाठी जहाजात बसून पार दक्षिणेला जायला हवं, आणि मावशी बसस्टँडच्या पलीकडे क्वचितच गेल्या असतील. थोरल्या मालकांनी पहिल्या दिवशी भिंग हातात देऊन दाखवलं होतं, ‘हा बघ सरडा. आणि ही टोपीच्या जरा बाहेर, पाकळीवर, माशी. सरडा जीभ काढून माशीवर टपलाय.’ सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या पोरीला गंमत वाटली. दोन-चार महिने ती रोज त्या सरड्याकडे बघायची. मग बघणं सुटलं. रोजच्या जिन्याच्या पायऱ्यांकडे कोण बघतं?

काम मात्र चोख. खळीने कागद भिजला की निळा रंग काळपट होतो आणि चित्रं त्यात बुडून जातात. दिसते ती फक्त टोपीच्या कडेला छापलेली जाड काळी खूण. पाकळ्यांचे सांधे बारा, प्रत्येक सांध्यावर एक पांढरी रेघ, टोपीवरही तशाच बारा रेघा. म्हणजे टोपी बारा प्रकारे फिरवून ठेवली तरी रेघेला रेघ जुळते, पण त्यातला एकच प्रकार खरा. म्हणून ती खूण. खूण बाराव्या आणि पहिल्या पाकळीच्या सांध्यावर ठेवायची, पट्टीने मधून बाहेर दाबत न्यायचं, संपलं. थोरले मालक गेले, त्यांच्या सूनबाई मालकीण झाल्या, कामगार आले आणि गेले. एकतीस वर्षांत मावशींच्या टोपीपायी एकही गोल परत आला नाही. लग्न राहून गेलं, भाऊ अकाली गेला, मावशी वहिनीबरोबर दोन खोल्यांत राहिल्या, याचं त्यांना दुःख नव्हतं असं नाही. पण कोणी विचारलंच, की बाई गं तू आयुष्यात काय केलंस, तर त्यांच्याकडे द्यायला एक उत्तर होतं. माझा गोल परत येत नाही.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना एका शाळेतून एक गोल दुरुस्तीला आला. वीस वर्षांपूर्वीचा. गोलाला काही झालं नव्हतं, बैठकीचा एक पाय मोडला होता. मावशींनी तो कौतुकाने पुसायला घेतला. उलटा करून वाडग्यात ठेवला, आणि शेजारी कालच वाळलेला नवा गोल तसाच उलटा होता. दोन्ही कोरडे, खिडकीतून दुपारचं ऊन थेट तळावर.

जुन्या गोलावर सरड्याची जीभ माशीकडे होती. नव्यावर जीभ होती, माशीही होती, पण दोघांची गाठ नव्हती. सरडा एक आख्खी पाकळी सरकून रिकाम्या निळ्या कागदाला चाटत होता.

मावशींनी आधी डोळे चोळले. मग भिंग घेतलं. मग उठून बांधाबांधीच्या टेबलावरचे तीन गोल एकेक करून उलटे केले. तिन्ही सरडे रिकाम्या जागेला जीभ दाखवत होते. मावशी परत येऊन खुर्चीत बसल्या आणि खळीचा डबा उगीचच ढवळत राहिल्या.

छपाईचा ठसा नऊ वर्षांपूर्वी बदलला होता, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं, कारण तो बदलला तेव्हा त्या कामावर नव्हत्या. भाऊ गेला तेव्हाचे ते पंधरा दिवस. परत आल्या तेव्हा नव्या टोप्यांचा गठ्ठा टेबलावर होता, खूण तशीच काळी, तशीच जाड. त्यांनी ती बारा-एकच्या सांध्यावर ठेवली. नव्या ठशात खूण एक घर पुढे सरकली असेल हे डोक्यातच आलं नाही. डोकं तेव्हा जागेवर होतं कुठे?

त्या संध्याकाळी वहिनीने दोनदा वाढायचं विचारलं, मावशींनी दोनदा नको म्हटलं.

‘चिमे, झालंय काय तुला?’ वहिनी म्हणाली. वहिनी वयाने मोठी, आणि या जगात मावशींना अरेतुरे करणारं आता तेवढंच माणूस उरलेलं. ‘तीन आठवड्यांनी सुटणारेस, आणि चेहरा असा की उद्या फासावर देणारेत.’

मावशींनी सांगितलं. सरडा, माशी, खूण, नऊ वर्षं.

वहिनीने घास चावून पूर्ण केला. ‘बरं मग? आभाळाच्या बुडाशी कोण वाकून बघतंय?’

‘कोणी नाही.’

‘मग गप्प बस.’

मावशी गप्प बसल्या. पण त्यांचं गप्प बसणं म्हणजे भांडी आदळणं, उसासे टाकणं, मधेच उठून खिडकी लावणं आणि पुन्हा उघडणं. तिसऱ्या दिवशी वहिनीने हात टेकले. ‘जा बाई, सांग तुझ्या मालकिणीला. निदान मला जेवू तरी देशील.’

मालकीणबाई वाईट नव्हत्या. सासऱ्यांचा कारखाना बुडू दिला नाही, कामगारांना आजारपणात सांभाळलं, मावशींना तर घरच्यासारखं मानलं. मावशी दोन्ही गोल घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या, टेबलावर उलटे ठेवले, आणि पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. दोनच वाक्यं झाली.

‘बसा मावशी,’ बाई म्हणाल्या. ‘मला माहीत आहे.’

‘काय माहीत आहे?’

‘सरडा सरकलाय ते. सहा वर्षं झाली असतील. छापखान्याने ठशाबरोबर चिठ्ठी पाठवली होती, खूण आता एक-दोनच्या सांध्यावर ठेवा म्हणून. ती माझ्याच खणात राहिली. पुढे खण आवरताना सापडली. तोवर तीन वर्षांचे गोल बाहेर गेले होते.’ बाईंनी पाण्याचा पेला मावशींच्या पुढे सरकवला. ‘एकही तक्रार नव्हती. मग म्हटलं, तुम्हाला कशाला उगीच हुरहूर लावायची?’

मावशींनी पेल्याला हात लावला नाही. रागावायचं ठरवून आल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या तर माफी मागायला आल्या होत्या.

‘म्हणजे सहा वर्षं मी चुकीचं लावत होते, आणि तुम्ही ते बघत होता?’

‘बघत नव्हते हो. तिथे कोण बघतं? मीसुद्धा कधी बघितलं नाही,’ बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं आपण धीर देतोय.

चूक झाली ते मावशींना लागलंच होतं. पण एकतीस वर्षं श्वास रोखून केलेलं काम मालकिणीनेही उलटं करून बघितलं नव्हतं, हे त्याहून जास्त लागलं. वर, आपण स्वतः तरी कुठे बघितलं, हेही होतंच. हा विचार त्यांनी बाजूला सारायचा प्रयत्न केला, तो सरेना.

‘मग आता खूण एक-दोनच्या सांध्यावर ठेवते,’ त्या शेवटी म्हणाल्या.

‘नको,’ बाई लगेच म्हणाल्या. ‘असं कसं? नऊ वर्षांचे एका तऱ्हेचे, आणि आता अचानक दुसऱ्या तऱ्हेचे? कोणी दोन शेजारी ठेवले तर? तुमचं शेवटचं काम वाचनालयाचा मोठा गोल आहे. नेहमीसारखा लावा. छान निरोप घ्या. पुढचं मी बघते.’

वाचनालयाचा गोल म्हणजे खरंच मोठा होता, कवेत जेमतेम मावणारा. त्याला वाडगं पुरेना, म्हणून मावशींनी जुनं टायर मागवलं आणि त्यावर तो उलटा बसवला. टोपीही मोठी, बशीएवढी. मावशींनी ती भिजवण्याआधी कोरडीच गोलावर धरली. सरडा बघितला. माशी शोधली. टोपी हळूहळू फिरवत जिभेचं टोक माशीच्या समोर आणलं, तिथे सांध्यावर शिसपेन्सिलीने बारीक टिंब केलं, आणि मगच खळीला हात लावला. खुणेकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. टोपी वाळली, गोल बैठकीवर चढला, खोक्यात गेला. मालकीणबाईंनी उलटा करून बघितला नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

निरोपाला बाई चांगलं बोलल्या, कोणीतरी टोपीचा विनोद केला, मावशी हसल्या. घरी येऊन त्यांनी वहिनीला सांगितलं, ‘एक बरोबर लावून आले.’

‘झालं ना मनासारखं? आता झोप जरा,’ वहिनी म्हणाली.

महिनाभराने सकाळी सकाळी फोन आला.

‘मावशी, वाचनालयाचा गोल परत आलाय.’ मालकीणबाईंचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. ‘तिथला ग्रंथपाल भलता चिकित्सक निघाला. त्यांच्याकडे आपलाच लहान गोल आहे, पाच वर्षांपूर्वीचा. दोन्ही समोरासमोर उलटे करून बघितले म्हणे. लिहिलंय, लहान गोल पाच वर्षं बिनतक्रार आहे, तेव्हा मोठ्याचीच टोपी चुकलेली दिसते, बदलून द्यावी. मी म्हटलं नव्हतं?’

एकतीस वर्षांत पहिला गोल परत आला होता, आणि आला तो नेमका हाच.

‘अर्ध्या दिवसाचं काम आहे,’ बाई म्हणत होत्या. ‘वाफ द्या, काढा, फिरवा. नव्या माणसाचा हात अजून बसलेला नाही, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता.’

‘येते,’ मावशी म्हणाल्या.

गेल्या मात्र त्या वाचनालयात. पिशवीत हाडाची पट्टी, एक ब्रश आणि बरणीत खळ. वहिनीने दारातून विचारलं, ‘कारखाना त्या बाजूला आहे ना?’ त्यावर मावशींनी मागे वळूनही बघितलं नाही.

ग्रंथपाल टेबलामागे बसला होता. किडकिडीत, शर्टाची सगळी बटणं लावलेला, समोरची प्रत्येक पेन्सिल एका रांगेत. मावशींनी आपण गोलांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काम केलं म्हटल्यावर तो सावरून बसला. भांडण होणार असं त्याला वाटलं असावं.

‘तुमच्याकडे ताऱ्यांच्या नकाशाचं पुस्तक असेल की,’ मावशी म्हणाल्या. ‘आणि तो लहान गोल आणा जरा.’

पुस्तक आलं, गोल आला. मावशींनी गोल त्याच्या टेबलावर उलटा केला, पेन्सिलींची रांग मोडली. पुस्तकातलं अगदी शेवटचं पान निघालं, आभाळाचा तळ. ग्रंथपालाने पुस्तकात बघितलं, गोलाकडे बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

‘अरेच्चा! म्हणजे मोठा बरोबर होता?’

‘हो.’

‘आणि हा चुकलाय? पाच वर्षं?’

‘हो.’

‘हा लावला कोणी?’

‘मी.’

‘आणि मोठा?’

‘तोही मीच.’

ग्रंथपालाचा चेहरा पडला. इतक्या नेमकेपणाने पत्र लिहिलं आणि ते चुकीच्या गोलावर लिहिलं, हे त्याला फार लागलेलं दिसलं. मावशींना त्याची एकदम दया आली. एवढ्या वर्षांत आभाळाच्या तळाशी वाकून बघणारा हा पहिला माणूस, आणि त्याच्याच पदरी हे यावं!

‘तुमची काही चूक नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही बघितलंत तरी. मोठा गोल आहे तसाच परत मागवा. गरम पाणी मिळेल का?’

वाचनालयाच्या चहाच्या किटलीतली वाफ मावशींनी लहान गोलाच्या तळाला दिली. टोपीची कड सुटली, पट्टीच्या टोकाने त्यांनी ती इंचाइंचाने उचलली. तीन-चार वाचक वर्तमानपत्रं खाली करून बघू लागले. टोपी सुटली. खाली पाकळ्यांची टोकं उघडी पडली, पिवळी, जरा चुण्यांची. ग्रंथपाल वाकून बघत होता. मावशींनी टोपी फिरवली, जीभ माशीसमोर आणली, नवी खळ लावली, दाबली. जुन्या कागदाला एका कडेला थोडी सुरकुती राहिली. पूर्वी त्यांना ती सहन झाली नसती.

‘असे किती असतील?’ ग्रंथपालाने विचारलं.

‘नऊ वर्षांचे. शाळांत, वाचनालयांत, कोणाकोणाच्या घरी.’

‘कारखाना कळवणार का सगळ्यांना?’

चिठ्ठी, खण, सहा वर्षं, हे सगळं मावशींच्या ओठांपर्यंत आलं. एक वाक्य बोललं असतं तर सगळा भार मालकिणीच्या डोक्यावर गेला असता, आणि ते वाक्य खोटंही नव्हतं. पण हात त्यांचे होते आणि डोळेही त्यांचेच होते. नऊ वर्षांत एकदा, फक्त एकदा, कोरड्या गोलाकडे बघितलं असतं तर चिठ्ठीची गरज नव्हती.

‘तुम्हा वाचनालयवाल्यांचं काही पत्रक निघतं का हो?’ त्यांनी विचारलं.

‘निघतं ना. दर महिन्याला. सगळ्या शाळांनाही जातं.’

‘तुम्ही पत्र चांगलं लिहिता. माझं एक लिहून द्या. टोपी बरोबर आहे की नाही ते कसं बघायचं, चुकली असेल तर वाफेने कशी काढायची, कशी फिरवायची, सगळं मी सांगते. ज्यांना जमणार नाही त्यांनी मला बोलवावं. पत्ता माझ्या घरचा द्या.’

ग्रंथपालाने पेन्सिली पुन्हा रांगेत लावल्या, त्यातली एक उचलली, कागद ओढला. विचार करून, टोक जिभेला लावून त्याने पहिली ओळ लिहिली आणि वाचून दाखवली, ‘आमच्या कारखान्याकडून गेली नऊ वर्षं अनवधानाने एक चूक होत आली आहे.’

‘कारखाना नको,’ मावशी म्हणाल्या. ‘माझ्याकडून, असं लिहा.’

त्याने वर बघितलं. ‘बाई, हे छापून येणार आहे. एकतीस वर्षं काम केलंत म्हणता. लोक तुमचं नाव वाचतील ते याच कारणाने.’

‘माहीत आहे मला,’ मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवायची खटपट केली नाही. ‘लिहा तुम्ही.’

ग्रंथपालाने ती ओळ खोडली नाही. तो कागद बाजूला ठेवून त्याने दुसरा घेतला आणि ‘माझ्याकडून’ या शब्दापासून लिहायला सुरुवात केली.